जपानची सांस्कृतिक मुत्सद्देगिरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांस्कृतिक मुत्सद्देगिरी म्हणजे नेमके काय, आणि जपानच्या बाबतीत तिच्यात कशाचा समावेश होतो?

एखाद्या देशाचे शासन आपली भाषा, कला, विद्या आणि जीवनपद्धती यांचा परिचय परदेशातील सामान्य लोकांना करून देण्यासाठी ठरवून पैसा, माणसे आणि संस्था उभ्या करते, तेव्हा त्या प्रयत्नाला सांस्कृतिक मुत्सद्देगिरी म्हणतात. तिचा रोख परराष्ट्र मंत्रालयातील अधिकाऱ्यांपेक्षा दुसऱ्या देशातील विद्यार्थी, प्राध्यापक, वाचक आणि प्रेक्षक यांच्याकडे असतो. जपानच्या बाबतीत परदेशातील जपानी भाषेचे शिक्षण, शिष्यवृत्त्या, युवकांची देवाणघेवाण, प्रदर्शने, अभ्यासकांना मिळणारे अनुदान आणि अलीकडच्या काळात मंगा (जपानी चित्रकथा) व अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशनपट) यांचा सरकारी प्रचार, हे सारे या नावाखाली येते. झेन (ध्यानप्रधान बौद्ध पंथ), इकेबाना (पुष्परचनेची कला) किंवा जूदो यांचा जगभर झालेला प्रसार मात्र सरसकट सरकारच्या खात्यावर मांडता येत नाही. सरकारने काय केले आणि सरकारविना काय घडले, हा भेद लक्षात न घेतल्याने या विषयावरील बरेच लेखन फसवे होते.

जपानने हे काम कधीपासून सुरू केले?

मेइजी शासनाने (१८६८ मध्ये सत्तेवर आलेल्या, आधुनिकीकरण करणाऱ्या राजवटीने) १८७३ च्या व्हिएन्ना जागतिक प्रदर्शनात अधिकृतपणे भाग घेतला, तेव्हापासून ही कहाणी सांगता येते. युरोपीय सत्तांशी झालेले विषम करार बदलून घेण्यासाठी आपण सुसंस्कृत राष्ट्र आहोत हे सिद्ध करणे त्या शासनाला आवश्यक वाटत होते, आणि चिनी मातीची भांडी, लाखकाम व रेशीम ही त्यासाठी हाताशी असलेली साधने होती. विसाव्या शतकाच्या आरंभी इनाझो नितोबे आणि ओकाकुरा काकुझो यांनी थेट इंग्रजीत पुस्तके लिहून पाश्चात्त्य वाचकांसमोर जपानचे चित्र उभे केले. आजही परदेशी माणसाच्या मनात सामुराईची नीती आणि चहापानाचा विधी यांबद्दल ज्या कल्पना असतात, त्यांपैकी कित्येकांचे मूळ त्या लेखनात सापडते.

१९१२ मध्ये टोकियोचे महापौर युकिओ ओझाकी यांनी वॉशिंग्टन शहराला तीन हजारांहून अधिक साकुरा (चेरी) वृक्ष भेट दिले. त्याआधी १९१० मध्ये पाठवलेली दोन हजार झाडे कीड आणि रोग आढळल्यामुळे अमेरिकेत जाळून टाकावी लागली होती. तरीही जपानने ती नामुष्की वादाचा विषय न करता नवी रोपे तयार करून पाठवली. १९२७ मध्ये अमेरिकेतून बारा हजारांहून अधिक मैत्रीच्या बाहुल्या जपानी शाळांना आल्या आणि जपानने उत्तरादाखल ५८ मोठ्या, देखण्या बाहुल्या पाठवल्या. या सदिच्छेने पुढचे युद्ध टळले नाही, आणि युद्धकाळात जपानमधील बहुतेक अमेरिकी बाहुल्या शत्रूच्या वस्तू म्हणून नष्ट करण्यात आल्या.

संस्थेच्या रूपातील सुरुवात १९३४ ची. मांचुरियाच्या (जपानने बळकावलेल्या ईशान्य चीनच्या) प्रश्नावरून जपानने १९३३ मध्ये राष्ट्रसंघ सोडण्याची घोषणा केली आणि दुसऱ्याच वर्षी ‘कोकुसाई बुन्का शिन्कोकाई’ ही आंतरराष्ट्रीय सांस्कृतिक संबंधांसाठीची संस्था स्थापन झाली. राजकीय एकाकीपण आले आणि पाठोपाठ संस्कृतीची संस्था निघाली, हा क्रम ध्यानात ठेवावा, कारण तो पुढे पुन्हा दिसतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानची प्रतिमा कशी बदलली?

पहिली मोठी कलाटणी सरकारच्या योजनेतून आली नाही. १९५१ मध्ये ‘राशोमोन’ या चित्रपटाला व्हेनिस महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला. तो तेथे जावा यासाठी आग्रह धरला होता टोकियोत राहणाऱ्या जुलियाना स्त्रामिजोली या इटालियन विदुषीने, आणि खुद्द निर्मात्या कंपनीला त्याबद्दल फारसा उत्साह नव्हता. सरकारने १९५४ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली.

१९६४ चे टोकियो ऑलिंपिक मात्र पूर्णपणे विचारपूर्वक रचलेले होते. १ ऑक्टोबरला शिन्कान्सेन ही अतिवेगवान रेल्वे धावू लागली, १० ऑक्टोबरला स्पर्धेचे उद्घाटन झाले आणि अखेरची ज्योत हाती घेऊन धावला तो योशिनोरी साकाई हा तरुण, ज्याचा जन्म ६ ऑगस्ट १९४५ रोजी, म्हणजे अणुबॉम्ब पडला त्याच दिवशी, हिरोशिमा प्रांतात झाला होता. आपण आक्रमक नसून शांतताप्रिय आणि तंत्रकुशल राष्ट्र आहोत, हा संदेश त्यातून भाषणाविना पोहोचला. त्या संदेशात अणुबॉम्बने होरपळलेला जपान ठळक होता आणि आशियात सैन्य घेऊन गेलेला जपान दिसत नव्हता. ही निवड पुढे वारंवार अडचणीची ठरली.

जपान फाउंडेशनची स्थापना का करावी लागली?

१९७१ च्या जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी आपण चीनला भेट देणार असल्याचे जाहीर केले आणि ऑगस्टमध्ये डॉलरची सोन्याशी असलेली सांगड तोडून आयातीवर अधिभार लावला. दोन्ही निर्णय जपानला विश्वासात न घेता झाले. आपला सर्वांत जवळचा मित्रदेशही आपल्याला किती कमी ओळखतो, किंवा ओळखण्याची किती कमी गरज त्याला वाटते, हे टोकियोतील धोरणकर्त्यांना त्या उन्हाळ्यात लख्ख दिसले. कापडाच्या निर्यातीवरून अमेरिकेशी तंटा चालू होताच, आणि केवळ नफ्यासाठी जगणारा ‘आर्थिक प्राणी’ अशी जपानी माणसाची हेटाळणीही होऊ लागली होती.

तत्कालीन परराष्ट्रमंत्री ताकेओ फुकुदा यांनी पुढाकार घेतला आणि ऑक्टोबर १९७२ मध्ये जपान फाउंडेशन अस्तित्वात आले. जुन्या १९३४ च्या संस्थेचे काम त्यात सामावून घेण्यात आले. कला व संस्कृतीची देवाणघेवाण, परदेशातील जपानी भाषाशिक्षण आणि जपानविषयक अभ्यासाला साहाय्य ही त्याची तीन मुख्य क्षेत्रे आहेत. १९७३ मध्ये पंतप्रधान काकुएई तानाका यांच्या सरकारने फाउंडेशनमार्फत दहा अमेरिकी विद्यापीठांना जपानविषयक अभ्यासासाठी प्रत्येकी दहा लाख डॉलर दिले. २००३ मध्ये फाउंडेशनला स्वतंत्र प्रशासकीय संस्थेचा दर्जा मिळाला, तरी पैसा प्रामुख्याने सरकारचाच राहिला.

आग्नेय आशियात जपानविरोधी दंगली झाल्या होत्या, त्यांचा या धोरणाशी काय संबंध आहे?

फार जवळचा संबंध आहे. १९७२ च्या नोव्हेंबरमध्ये थायलंडमधील विद्यार्थ्यांनी जपानी मालावर बहिष्काराची मोहीम काढली. जानेवारी १९७४ मध्ये तानाका आग्नेय आशियाच्या दौऱ्यावर गेले असता बँकॉकमध्ये निदर्शने झाली आणि जकार्तामध्ये तर शहर पेटले; जपानी मोटारी जाळण्यात आल्या आणि पंतप्रधानांना हेलिकॉप्टरने विमानतळावर न्यावे लागले. जकार्ताच्या दंगलीमागे इंडोनेशियाच्या लष्करी वर्तुळातील अंतर्गत चढाओढही होती, हे खरे. परंतु निमित्त म्हणून जपानच सर्वांना सोयीचा वाटला, ही गोष्ट टोकियोला झोंबली.

त्याच वर्षी आग्नेय आशियातील तरुणांना जपानी तरुणांबरोबर एका जहाजावर प्रवास घडवणारा कार्यक्रम सुरू झाला. १९७५ पासून विकसनशील देशांना वाद्ये, ध्वनियंत्रणा, क्रीडासाहित्य, संग्रहालयांची उपकरणे अशा वस्तूंसाठी सांस्कृतिक अनुदान मिळू लागले. ऑगस्ट १९७७ मध्ये फुकुदा, आता पंतप्रधान म्हणून, मनिला येथे बोलले. जपान लष्करी महासत्ता होणार नाही, आग्नेय आशियाच्या देशांशी मनापासून मनापर्यंत पोहोचणारे विश्वासाचे नाते जोडेल आणि आसिआन या तेथील देशांच्या संघटनेशी बरोबरीच्या भागीदाराप्रमाणे वागेल, अशी तीन वचने त्यांनी दिली. हीच ‘फुकुदा नीती’ होय.

आज आग्नेय आशियात जपानबद्दल जी अनुकूलता आढळते, ती पाच दशकांच्या या संथ कामाचे फळ आहे, असे मला वाटते. अर्थात सोबत रस्ते, बंदरे आणि कारखानेही आले, आणि केवळ नृत्यपथके पाठवून हे साधले असते असे मानणे भाबडेपणाचे होईल.

भाषाशिक्षणावर एवढा भर का दिला जातो?

परदेशी भाषा शिकण्यात माणसाची काही वर्षे जातात, आणि इतकी वर्षे दिलेला माणूस त्या देशाबद्दल सहसा उदासीन राहत नाही. २०२१ च्या जपान फाउंडेशनच्या पाहणीनुसार १४१ देशांत व प्रदेशांत मिळून सुमारे ३८ लाख लोक शिक्षणसंस्थांमधून जपानी शिकत होते. चीन पहिल्या आणि इंडोनेशिया दुसऱ्या क्रमांकावर होता. त्यांतील बहुतेकांना नोकरी हवी असते किंवा अ‍ॅनिमे मूळ भाषेत समजून घ्यायचा असतो, आणि फाउंडेशनलाही त्यात काही वावगे वाटत नाही.

उलट दिशेने चालणारा मोठा कार्यक्रम म्हणजे १९८७ चा ‘जेट’. अमेरिकेशी व्यापारी तणाव शिगेला पोहोचला असताना अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चार देशांतील ८४८ तरुण पदवीधर जपानी शाळांत इंग्रजी शिकवण्यास मदत करण्यासाठी आणि स्थानिक कार्यालयांत काम करण्यासाठी आले. त्यांना टोकियोपेक्षा लहान गावांत, मासेमारीच्या बंदरांत आणि डोंगराळ तालुक्यांत अधिक नेमणुका मिळाल्या. तेव्हापासून सत्तर हजारांहून अधिक माणसे या वाटेने गेली आणि त्यांतील काही पुढे आपापल्या देशांत मुत्सद्दी, पत्रकार आणि प्राध्यापक झाली. माझ्या मते युद्धोत्तर जपानच्या सांस्कृतिक धोरणातील हा सर्वांत फलदायी खर्च ठरला. गंमत अशी की कागदोपत्री तो जपानी मुलांचे इंग्रजी सुधारण्यासाठी होता, आणि तो हेतू मात्र बराचसा अपुरा राहिला.

मंगा आणि अ‍ॅनिमे यांची जागतिक लोकप्रियता ही सरकारी धोरणाची निष्पत्ती आहे का?

नाही. सरकार तेथे उशिरा पोहोचले. अ‍ॅनिमे मालिका १९६० आणि ७० च्या दशकांत परदेशी वाहिन्यांना विकल्या जाऊ लागल्या त्या कंपन्यांनी विकल्या म्हणून, आणि पुढे चाहत्यांनी स्वतः भाषांतरे करून त्या वाटल्या म्हणून. १९७९ मध्ये फिलिपिन्सच्या मार्कोस राजवटीने ‘व्होल्टेस ५’ ही यंत्रमानवांची मालिका बंद पाडली, तेव्हा जपानी परराष्ट्र मंत्रालयाला असल्या मालिकांशी आपले काही देणेघेणे आहे असे वाटतही नव्हते. त्या काळी अधिकृत प्रदर्शनांत नोह व काबुकी हे पारंपरिक नाट्यप्रकार आणि इकेबाना हेच प्रतिष्ठित मानले जाई.

वेगळे उदाहरण ‘ओशिन’चे. दारिद्र्यातून कष्टाने वर येणाऱ्या एका स्त्रीची ही कथा एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीवर १९८३-८४ मध्ये प्रसारित झाली आणि विकसनशील देशांच्या वाहिन्यांना ती देण्यात फाउंडेशनचाही हातभार लागला. इराणसारख्या देशात तिने प्रेक्षकांना अक्षरशः खिळवून ठेवले. निर्यातीच्या मालामागे जपान एकेकाळी गरीब होता, ही जाणीव त्या देशांना या मालिकेने दिली.

२००२ मध्ये डग्लस मॅग्रे या अमेरिकी पत्रकाराने जपानची अर्थव्यवस्था रखडली असली तरी त्याचा सांस्कृतिक प्रभाव वाढत आहे, असे मांडणारा लेख लिहिला आणि टोकियोतील नोकरशाहीने तो जणू प्रशस्तिपत्र म्हणून उचलून धरला. परराष्ट्रमंत्री तारो आसो हे स्वतः मंगाचे वाचक. २००६ मध्ये त्यांनी पॉप संस्कृतीला राजनयाचे साधन मानणारे भाषण टोकियोतील अकिहाबारा या मंगा-चाहत्यांच्या भागात केले, २००७ मध्ये परदेशी चित्रकारांसाठी आंतरराष्ट्रीय मंगा पुरस्कार सुरू झाला आणि २००८ मध्ये डोरेमॉनची अ‍ॅनिमेचा राजदूत म्हणून रीतसर नेमणूक झाली. त्याआधी २००४ मध्ये इराकमधील समावा येथे जपानी मदतीतून दिलेल्या पाण्याच्या टँकरांवर ‘कॅप्टन त्सुबासा’ या फुटबॉल-मालिकेच्या नायकाची चित्रे लावण्यात आली होती, कारण अरब जगतात ‘कॅप्टन माजिद’ या नावाने तो मुलांच्या ओळखीचा होता. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या समारोपाला पंतप्रधान शिंझो आबे सुपर मारिओच्या वेषात अवतरले.

यांपैकी समाव्याचे उदाहरण मला सर्वांत शहाणपणाचे वाटते, कारण तेथे आधीच असलेल्या जिव्हाळ्याचा नेमका आणि विनम्र उपयोग केला होता. राजदूतपदाच्या समारंभांनी मुख्यतः जपानी वर्तमानपत्रांचे रकाने भरले.

‘कूल जपान’ योजना अपयशी ठरली, असे म्हणतात. ते कितपत खरे आहे?

निधीपुरते ते बरेच खरे आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये सरकार आणि खासगी कंपन्या यांच्या भांडवलातून ‘कूल जपान फंड’ उभारण्यात आला. जपानी आशय, अन्न, फॅशन आणि सेवा यांना परदेशी बाजारात बळ द्यायचे आणि नफाही मिळवायचा, अशी अपेक्षा होती. क्वालालंपूरमध्ये २०१६ साली केवळ उंची जपानी माल विकणारे इसेतान या जपानी विक्रीसाखळीचे दालन या निधीच्या भागीदारीत उघडले आणि २०१८ मध्ये निधीने आपला हिस्सा विकून काढता पाय घेतला. मार्च २०२२ अखेर निधीचा साचलेला तोटा ३० अब्ज येनांहून अधिक, म्हणजे तीन हजार कोटी येनांपलीकडे गेला होता.

परदेशी ग्राहकाला काय आवडावे हे टोकियोच्या बैठकीत ठरवण्याचा हा परिणाम होता. ज्या चित्रकारांच्या आणि अ‍ॅनिमेटरांच्या श्रमावर हा सारा डोलारा उभा आहे, त्यांच्या तुटपुंज्या मिळकतीकडे या पैशातील फारसा वाटा वळला नाही, ही टीका जपानमध्येच झाली आणि ती रास्त आहे. परराष्ट्र मंत्रालयाने २०१७-१८ मध्ये साओ पाउलो, लॉस एंजेलिस आणि लंडन येथे उघडलेली ‘जपान हाउस’ केंद्रे या तुलनेत संयत आहेत, आणि त्यांतील हस्तकला व वास्तुरचनेची प्रदर्शने पाहायला स्थानिक लोक आपणहून जातात.

चांगली प्रतिमा इतिहासातील वादांवर मात करू शकते का?

शेजारी देशांपुरते उत्तर नकारार्थी आहे, आणि २०१३ चे अखेरचे आठवडे त्याचा धडधडीत पुरावा देतात. नोव्हेंबरमध्ये कूल जपान फंड सुरू झाला, ४ डिसेंबरला ‘वाशोकू’ या जपानी आहारपरंपरेचा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला, आणि २६ डिसेंबरला पंतप्रधान आबे यांनी यासुकुनी मंदिराला भेट दिली, जेथे युद्धात मरण पावलेल्यांसोबत दोषी ठरलेले प्रमुख युद्धगुन्हेगारही पूजिले जातात. चीन आणि दक्षिण कोरिया संतापले आणि अमेरिकी दूतावासानेही निराशा व्यक्त केली.

दक्षिण कोरियाचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. वसाहतकाळाच्या आठवणींमुळे तेथे जपानी चित्रपट, गाणी आणि मंगा यांवर दीर्घकाळ निर्बंध होते. १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष किम दे-जुंग आणि पंतप्रधान केइझो ओबुची यांनी संयुक्त घोषणा केली, तीत जपानने वसाहतवादी राजवटीबद्दल पश्चात्ताप व क्षमायाचना लेखी नोंदवली, आणि त्यानंतर कोरियाने आपले दार टप्प्याटप्प्याने उघडले. आधी इतिहासाबद्दलचे शब्द आले आणि मग संस्कृतीला वाट मिळाली. तरीही युद्धकाळातील ‘कम्फर्ट विमेन’ (जपानी सैनिकांसाठी लैंगिक गुलामगिरीत ढकललेल्या स्त्रिया) आणि सक्तीचे मजूर यांचे प्रश्न पुन्हा पुन्हा उसळतात. सॅन फ्रान्सिस्कोत २०१७ मध्ये त्या स्त्रियांच्या स्मरणार्थ शिल्प उभे राहिले, तेव्हा ओसाका शहराने १९५७ पासूनचे भगिनी-शहराचे नाते २०१८ मध्ये तोडून टाकले. साठ वर्षांची नागरी मैत्री अशा रीतीने एका निषेधासाठी खर्ची पडली.

चीनमध्ये २००५ साली जपानमधील इतिहासाची पाठ्यपुस्तके आणि सुरक्षा परिषदेत जपानला हवे असलेले कायम सदस्यत्व यांवरून जपानविरोधी निदर्शने झाली, ती शांघाय आणि बीजिंगसारख्या, जपानी मालिका आवडीने पाहणाऱ्या शहरांतच. लोक आवड आणि राग वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवू शकतात. व्हेल शिकारीबाबत पाश्चात्त्य देशांचा अनुभवही काहीसा असाच आहे: २०१९ मध्ये जपान आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगातून बाहेर पडला, त्यावर कडक टीका झाली, आणि सुशीची दुकाने मात्र भरलेलीच राहिली.

प्रतिमा सुधारली हे मोजता येते का?

अंशतः येते. विविध देशांच्या प्रतिमेची तुलना करणाऱ्या अ‍ॅनहोल्ट-इप्सॉस निर्देशांकात जपान २०२३ मध्ये प्रथमच पहिल्या क्रमांकावर आला. परदेशी पर्यटकांची संख्या २०१३ मध्ये एक कोटीवर होती, ती २०२४ मध्ये सुमारे ३.६९ कोटी झाली. मात्र त्यातील किती वाटा स्वस्त झालेल्या येनचा आणि शिथिल झालेल्या व्हिसानियमांचा, हे वेगळे काढणे अवघड आहे. शिवाय क्योतोच्या रहिवाशांना बसमध्ये चढायला जागा मिळत नाही, ही तक्रारही याच यशातून जन्मली आहे.

भारतात आणि विशेषतः महाराष्ट्रात जपानची प्रतिमा कोणी घडवली?

भारत आणि जपान यांच्यात सांस्कृतिक करार १९५६ मध्ये झाला आणि जपान फाउंडेशनचे दिल्ली कार्यालय १९९४ मध्ये उघडले. त्याही आधी, १९४९ मध्ये, जपानी मुलांच्या विनंतीवरून पंडित नेहरूंनी उएनो प्राणिसंग्रहालयाला ‘इंदिरा’ नावाची हत्तीण पाठवली होती. म्हणजे स्वातंत्र्योत्तर काळातील पहिली गाजलेली भेट इकडून तिकडे गेली.

महाराष्ट्रात शासनाबाहेरच्या माणसांचे काम जुने आहे. निचिदात्सु फुजीई हे जपानी भिक्षू १९३३ मध्ये वर्ध्यात गांधीजींना भेटले आणि त्यांच्या निप्पोन्झान म्योहोजी संघाचे मंदिर मुंबईत वरळीला आजही आहे. नागपूरच्या बौद्ध समाजात मूळचे जपानी असलेले भदन्त सुरई ससाई यांचे स्थान कोणत्याही राजदूतापेक्षा मोठे आहे. सरकारी बाजूने पाहता अजिंठा-वेरूळ परिसराच्या जतनासाठी आणि पर्यटनसुविधांसाठी जपानने १९९२ आणि २००३ मध्ये सवलतीची कर्जे दिली. पुण्यात सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान हे ओकायामा शहराशी असलेल्या मैत्रीतून, तेथील कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर साकारले. वाकायामा प्रांताशी महाराष्ट्राने सहकार्याचा करार केला आणि २०१५ मध्ये तेथील कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचे अनावरण मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झाले. शासकीय संबंधांना राज्याच्या स्वतःच्या वैचारिक वारशाशी जोडणारी ही घटना जपानी बाजूनेही समजून घेतली, ही दाद देण्यासारखी गोष्ट आहे.

या धोरणाचा लाभ भारतातील सामान्य विद्यार्थ्याला कसा मिळू शकतो?

सर्वांत सुलभ मार्ग भाषेचा आहे. जपानी भाषेच्या प्रावीण्याची जेएलपीटी ही परीक्षा १९८४ पासून घेतली जाते, तिच्या एन-५ ते एन-१ अशा पाच पातळ्या आहेत आणि भारतात ती जुलै व डिसेंबर या महिन्यांत होते. पुणे हे तिचे जुने आणि मोठे केंद्र आहे. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठ येथे भाषेचे शिक्षण मिळते, व स्थानिक जपानी शिक्षकांची संघटनाही कार्यरत आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये दोन्ही सरकारांनी भारतात शंभर प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू करण्याचे आणि पाच वर्षांत एक हजार शिक्षक तयार करण्याचे ठरवले, आणि त्यानुसार २०१८ मध्ये दिल्लीत शिक्षक-प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. पदव्युत्तर शिक्षणासाठी जपानच्या शिक्षण मंत्रालयाची ‘मेक्स्ट’ शिष्यवृत्ती दूतावासाच्या शिफारशीने मिळते, आणि महाराष्ट्रातील इच्छुकांनी तिच्या अर्जाची माहिती व मुदत मुंबईतील जपानच्या महावाणिज्य दूतावासाकडून घ्यावी.